सेनिसा बेटाचा तास

वाल्दिव्हिया, रविवार, १८ मे २०२५

प्रिय एदेल्मिरा आत्या,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, 'सेनिसा बेटाचा तास सरकला.' हे चूक आहे. तास आपला आपण सरकत नाही. तो मी सरकवला.

तुला नीट सांगते, कारण मागच्या वेळी मी फुशारकीच्या भरात अर्धंच सांगितलं होतं. आमची कंपनी दक्षिणेच्या खाड्यांमधल्या बोटींची तिकिटं आणि वेळापत्रकं सांभाळते. मार्चमध्ये सरकारने जाहीर केलं की आयसेन प्रांत आता वर्षभर उन्हाळी वेळच पाळणार. बाकी आपण सगळे नेहमीसारखे एप्रिलमध्ये घड्याळं एक तास मागे घेणार. आमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक धक्क्यापुढे त्याचा प्रांत लिहिलेला असतो, त्यावरून वेळ ठरते. सेनिसा बेट आहे तुमच्या लोस लागोस प्रांतात, चिलोएच्याच बाजूला, पण यादीत त्याच्यापुढे आयसेन लिहिलं होतं. सहा एप्रिलला बोट बरोबर नऊला सुटली आणि तिकिटांवर छापलं होतं दहा. अकरा माणसं धक्क्यावर राहिली. पुढची बोट गुरुवारी. त्यांतल्या एका बाईंची कास्त्रोच्या इस्पितळात डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख होती. ती हुकली, नवी मिळाली सहा आठवड्यांनी.

मी चाळीस मिनिटांत चूक शोधली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, इथपर्यंत मी लिहिलं होतं. ते खरं आहे. पुढचं हे: आमच्याकडे एक आज्ञा असते, प्रोग्रामच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, 'हिचा धनी कोण?' यंत्र नाव सांगतं. त्या ओळीचा धनी निघाला नेल्सन. आठवतो? उंच, थोडा वाकून चालणारा, माझ्या शेजारी बसायचा तो. दीड वर्षापूर्वी तो कोन्सेप्सिओनला दुसऱ्या कंपनीत गेला. झालं, सगळे हसले. आता कुणाला उशीर झाला की म्हणतात, 'काय रे, नेल्सनच्या वेळेने आलास?' अहवालातही गेलं: माजी कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.

पण मला चैन पडेना. नेल्सनने जाण्यापूर्वी सगळ्या फायली झाडूनपुसून नीट केल्या होत्या, ओळी सरळ, याद्या क्रमाने. जो शेवटचा हात लावतो, त्याचंच नाव यंत्र सांगतं. म्हणून मी त्याच्या आवराआवरीच्या खालचा थर उकरला. खाली माझं नाव. चार वर्षांपूर्वीचं, नोकरीच्या दुसऱ्या महिन्यातलं. तेव्हा दोन्ही प्रांतांची वेळ एकच, म्हणून चूक चार वर्षं गाढ झोपली होती.

आणि आत्या, मी ते 'आयसेन' सरकारी यादीत बघून लिहिलंच नव्हतं. मला वाटलं, मला कोण शिकवणार! बाबांच्या दीपगृहावर, जिथे आईच आमची शाळा होती, तिने आम्हाला जो नकाशा काढून दिला होता, त्यात तुमचं चिलोए निळं, आमचं आयसेन हिरवं आणि सेनिसा हिरवं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बेट दिसायचं. आई म्हणायची, खिडकीतून दिसतं ते आपलं. अकरा वर्षांची होईपर्यंत मी दुसरी शाळा पाहिली नाही. मी आईच्या नकाशावरून बोटी चालवल्या.

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आणि नेमकी आत्ताच आमच्याकडे शिडी आली आहे! खरीखुरी नव्हे, कागदावरची. सहा पायऱ्या. आजवर आमच्याकडे वर जायचं म्हणजे साहेब व्हायचं, माणसं सांभाळायची, सुट्ट्या मंजूर करायच्या. आता तिसरीनंतर शिडीला दोन फाटे आहेत. एक माणसांकडे जातो, दुसरा कामाकडे. म्हणजे साहेब न होता, कोड लिहीत लिहीत, शिकत शिकत म्हातारं होता येईल! मी तो कागद तीनदा वाचला आणि बसस्टॉपवर एकटीच हसले. चौथी पायरी म्हणजे सीनिअर. आमचा प्रमुख आलिरो म्हणाला, 'सेनिसाचं प्रकरण लिही की. त्याच्यावरच चढशील.'

त्याच्यावरच. सांग आता.

तुझी यास्ना

*

आन्कुद, ३० मे

यास्ना पोरी,

तुझं पत्र चुलीशी बसून वाचलं आणि तव्यावरचे बटाट्याचे मिल्काओ करपले. त्याची धनी तू, लिहून ठेव.

शिडीचं वाचून मला एवढा आनंद झाला की शेजारच्या ओर्तेन्सियाला हाक मारून वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'दोन फाटे? म्हणजे लग्नाची पायरी कुठली?' तिला काही कळत नाही, तू लक्ष देऊ नकोस. आमच्या काळी शिडी नव्हती, खुर्ची होती. खुर्चीत बसलेला मेला किंवा निवृत्त झाला की पुढचा बसायचा. विमा कंपनीच्या यंत्रखोलीत मी अडतीस वर्षं काढली. टेपा चढवल्या, टेपा उतरवल्या, कागद फाडले, पंखे पुसले. मला वर जायचंच नव्हतं. वर वारा फार.

पण तू जा. माझं एक ऐक: दर हिवाळ्याला एक नवी गोष्ट शीक, एकच, पण मुळापासून. मी तसं केलं म्हणून चार वेळा यंत्रं बदलली आणि चारही वेळा मला घरी पाठवता आलं नाही. पंच कार्डं गेली, मी राहिले. टेपा गेल्या, मी राहिले. शेवटी यंत्रखोलीच गेली, तेव्हा मी छत्री घेऊन निघाले.

आता त्या तासाचं. चूक तुझी, दुरुस्तीही तुझी, फिटंफाट. नेल्सन कोन्सेप्सिओनला आहे, त्याला त्या हसण्याचा आवाज येत नाही. गेलेल्या माणसाच्या खांद्यावर ओझं टाकलं तर ते कुणालाच जड होत नाही. तू कशाला उकरतेस? तुझ्या बापाची खोड. दीपगृहाच्या वहीत 'ढगाळ' लिहायचं की 'बहुतांशी ढगाळ', यावर तो मला दोन पानी पत्रं लिहायचा.

आणि आईला नकाशाचं सांगू नकोस. अठरा सप्टेंबरचा सण होईपर्यंत रुसून बसेल.

लोकरीचे मोजे पाठवतेय. एक मोठा झालाय, तो डाव्या पायात घाल.

आत्या

*

वाल्दिव्हिया, रविवार, १३ जुलै

प्रिय आत्या,

मोजे घातलेत. दोन्ही डाव्या पायाचे आहेत, पण ऊब उत्तम!

तू म्हणालीस एका हिवाळ्यात एकच गोष्ट, मुळापासून. मला ती सापडली!

मी विचार केला, एका धक्क्याची वेळ चुकू शकते तर बाकीच्या चाळीसांचं काय? यादी तर सरकारी यादीशी ताडून झाली. पण माणसं यादीत राहत नाहीत. म्हणून मी सगळ्या धक्क्यांना फोन लावायला घेतले, एकेका दुकानाला, शाळेला, जिथे फोन लागेल तिथे. प्रश्न एकच: 'तुमच्याकडे आत्ता किती वाजले?'

पहिल्याच बाई म्हणाल्या, 'का गं, वाल्दिव्हियात घड्याळं संपली?'

'नाही हो मावशी, तुमचं बघायचंय.'

'आमचं छान चाललंय. तुमचं बिघडलं असेल तर घेऊन ये, माझा नवरा दुरुस्त करतो. रेडिओपण करतो.'

एका ठिकाणी शाळेच्या मास्तरांनी फोन घेतला आणि वर्गालाच विचारलं. अर्धी मुलं म्हणाली अकरा, अर्धी म्हणाली बारा, मग त्यांची आपापसातच जुंपली. मास्तर म्हणाले, 'बाई, तुम्ही फोन ठेवा, आता हे जेवायच्या सुट्टीपर्यंत मिटत नाही.'

ते भांडणच खरं होतं, आत्या! ते गाव कागदावर आयसेनचं, पण दुकानाचा माल, डॉक्टर, पाद्री, सगळं येतं बोटीने केयोनहून, चिलोएमधून. म्हणून गाव सरकारी वेळेने उठतं आणि बोटीच्या वेळेने जेवतं. अशी तीन गावं निघाली. सरकारी तास वेगळा, जगण्याचा तास वेगळा. आणि आमचा प्रोग्राम समजतो की एका जागेला एकच वेळ असते.

मग मी तीन आठवडे बसून ते बदललं. आता प्रत्येक धक्क्यापुढे दोन्ही वेळा असतात. तिकिटावर छापतो तो सरकारी तास, त्याखाली गावचा, आणि दर सहा महिन्यांनी कुणीतरी फोन करून विचारायचंच, असा नियम घातला. आलिरोने बघितलं आणि चक्क खुर्चीवरून उठला. म्हणाला, 'यास्ना, हे इतर बोटवालेसुद्धा मागतील.' शिडीच्या सहाव्या पायरीवर लिहिलंय, 'जिला बाहेरचे लोक विचारायला येतात.' मला पहिल्यांदा वाटलं की ती पायरी माझ्यासाठी असू शकते. आज नाही, दहा-बारा वर्षांनी. मला वेळेचंच काम करायचंय! बोटींची वेळ, विमानांची, इस्पितळांची. यात माझं उभं आयुष्य जाईल आणि काम संपणार नाही. केवढं बरं वाटतं म्हणून सांगू!

आता दुसरी गोष्ट. ती मी शेवटी लिहिते आहे, यावरून तुला कळेलच.

नेल्सनला परत यायचंय. त्याच्या बायकोला इथल्या विद्यापीठात नोकरी लागली, म्हणून त्याने आमच्याकडे अर्ज केला. मंगळवारच्या बैठकीत आलिरोने ते नाव वाचलं आणि म्हणाला, 'घेऊ या का? आणखी एक तास गमवायचा असेल तर!' सगळे हसले. मीपण हसले, आत्या. म्हणजे तोंड तसं झालं. अर्ज बाजूला ठेवला गेला.

संध्याकाळी मी नेल्सनला सहज म्हणून विचारलं, तुला ती ओळ आठवते का? त्याने लिहिलं, 'नाही आठवत. पण सगळं कानावर आलंय, आणि माझं नाव आहे म्हणजे मीच लिहिली असणार. त्या डोळ्यांच्या बाई बऱ्या आहेत का? मी हल्ली सगळं तीनदा तपासतो.'

तो तीनदा तपासतो! मी त्याच्या शेजारी दोन वर्षं बसले आहे, आत्या. त्याला पहिल्यांदा तपासल्यावरच सगळं दिसतं.

सीनिअरचा कागद सप्टेंबरच्या सुरुवातीला द्यायचा आहे. मी सेनिसापर्यंत लिहून थांबले आहे. तू म्हणालीस फिटंफाट. मी ते रोज म्हणून बघते. जमत नाही.

यास्ना

*

आन्कुद, २२ जुलै

पत्र पोचलं. उत्तराला वेळ लागेल. तब्येत ठीक आहे, काळजी करू नकोस.

ए.

*

आन्कुद, ४ ऑगस्ट

यास्ना,

तुला दुरुस्त्या आवडतात, तर ही माझी.

मला वर जायचं नव्हतं, असं मी लिहिलं. मी चार वेळा अर्ज केला होता. चारही वेळा प्रोग्रामरच्या जागेसाठी. परीक्षा दोनदा पास झाले, एकदा पहिली आले.

१९८३ साली आमच्या पाळीत कुणीतरी चुकीची टेप चढवली आणि कार्डं पंच करणाऱ्या अकरा मुलींचं तीन आठवड्यांचं काम पुसलं गेलं. बघ, मीपण 'पुसलं गेलं' लिहिलं. माझ्याच पाळीतल्या ओस्वाल्दोने पुसलं. पण पाळीची नोंदवही माझ्या अक्षरात होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करून स्वच्छ मी उतरवायची आणि खाली सही करायची. साहेबांनी वही उघडली. सगळी माझ्या हातची. कुणी थर उकरला नाही.

मी म्हटलं, मी नाही. ते म्हणाले, मग कोण? मी ओस्वाल्दोकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

मी त्याचं नाव घेतलं नाही. वाटलं, तो उद्या सांगेल. उद्या नाही, तर सोमवारी. पुढे माझे अर्ज त्या वहीपाशीच अडत राहिले आणि तो आमच्या विभागाचा प्रमुख झाला. आणि खरी पंचाईत इथे आहे, पोरी: तो चांगला प्रमुख होता. नवं यंत्र आलं की आधी मला शिकवायचा. माझ्या आजारपणात स्वतः येऊन औषध देऊन गेला. मी निवृत्त झाले तेव्हा एवढा मोठा केक आणला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, 'एदेल्मिराशिवाय ही खोली चालली नसती.' मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, आता सांगेल. त्याने केक कापला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तुला गप्प राहा म्हटलं. का? पंधरा दिवस विचार केला. कारण मी सगळ्यांना सांगत आले आहे की ते ओझं कुणालाच जड झालं नाही. तू सांगायला निघालीस तर माझं काय होतं? मग ते जड होतं, असं कबूल करावं लागतं. मी तुला ओस्वाल्दोच्या खुर्चीतून सल्ला दिला. माझी स्वतःची खुर्ची दुसरी होती.

मला त्याची शिक्षा नको होती. मला फक्त एक वाक्य हवं होतं, त्याच्या तोंडून, ज्यांनी ऐकायला हवं त्यांच्यासमोर. 'ती टेप मी चढवली.' चार शब्द! ते ऐकायला मी केकच्या ताटलीसकट उभी होते.

तू काय करायचं ते मी सांगत नाही. एकदा चुकीचं सांगून झालंय. पण तुझ्या चाळीस गावांच्या फोनचं वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. इतका आनंद मला स्वतःच्या परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता. हे काम तुझं आहे आणि ते तुझं नाही असं कुणीही म्हणू शकत नाही. उशीर करू शकतात. उशिराने माणूस मरत नाही. मी ठणठणीत आहे.

आत्या

ता. क. ओर्तेन्सियाला अजून काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं मला दाढदुखी आहे.

*

वाल्दिव्हिया, रविवार, २४ ऑगस्ट

आत्या, माझी आत्या,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू मला नेल्सनच्या बाजूने लिहिलंस. त्याच्या बाजूने मला आजवर कुणी लिहिलंच नव्हतं, आणि मी ज्या बाजूला उभी होते तिथून पंखाच दिसत होता.

तू मनाई केली होतीस तरी मी आईला फोन केला. आधी नकाशाचं विचारलं. म्हटलं, 'आई, तू सेनिसा हिरवं का रंगवलंस?'

'कुठलं सेनिसा?'

'खिडकीतलं. तू म्हणायचीस ना, खिडकीतून दिसतं ते आपलं?'

'मी? तसं तुझे बाबा म्हणायचे, कोंबड्यांबद्दल. मी हिरवं रंगवलं कारण निळी पेन्सिल संपली. सामानाची बोट यायला दीड महिना होता. तुला सांगितलं होतं ना, हे नंतर बदलायचं म्हणून?'

'नाही सांगितलंस.'

'मग तू विचारायचं! काय सरकारचा नकाशा काढत होते मी? चौघांना शिकवायचं, पाव भाजायचा, त्यात ही बया नकाशावरून बोटी सोडणार!'

रुसली नाही, आत्या. इतकी हसली की फोन भावाकडे द्यावा लागला. मग परत घेऊन म्हणाली, 'ती बाई बरी आहे का, डोळ्याची?' सगळे तिचंच विचारतात. मी आधीच विचारायला हवं होतं. मग मी सेनिसाला फोन केला. शस्त्रक्रिया झाली आहे. स्वतःच बोलल्या. म्हणाल्या, 'आता एवढं स्वच्छ दिसतं की नवऱ्याला ओळखायला वेळ लागला.' मी सांगितलं, ती चूक माझी होती, मी यास्ना ओयार्सो, वाल्दिव्हियाहून. मग म्हणाल्या, 'बरं. सहा आठवडे मी तुम्हाला शिव्या देत होते, नाव माहीत नव्हतं एवढंच. आता कळलं.' आणि हवामान विचारून फोन ठेवला. मला नाचावंसं वाटत होतं.

सीनिअरचा कागद लिहून झाला. त्यात सेनिसाचं असं आहे: 'यादी मी केली. मी सरकारी यादी पाहिली नाही. ओळीवर नेल्सन बाराओनाचं नाव दिसतं, कारण त्याने ती फाईल नंतर नीटनेटकी केली. त्याची त्यात काही चूक नाही.' निळ्या पेन्सिलीचं लिहिलं नाही. ते कारण आहे, पण कागदावर सबब दिसतं. मग फोनचं काम लिहिलं, तीन गावांचं, दोन वेळांचं, पुढच्या दहा वर्षांत मला काय शिकायचंय ते. ते लिहिताना चार पानं झाली. आलिरो म्हणेल फार आहे. असू दे.

मी विचार केला, नुसता कागद दिला तर तो दोन माणसं वाचतील आणि विनोद तसाच चालू राहील. विनोद अकरा जणांनी ऐकला, तर दुरुस्तीही अकरा जणांनी ऐकली पाहिजे. यंदा शिडीवर कदाचित बाकीचे माझ्याशिवाय चढतील. मला भीती वाटते, लपवत नाही. पण पुढच्या वर्षीही ती शिडी असेल, आणि पुढच्या वर्षीही गावांना वेळ लागेलच.

तारीख मी मोजून काढली आहे. सहा सप्टेंबरच्या शनिवारी घड्याळं पुन्हा एक तास पुढे जातील. चिलोए, आयसेन, सगळ्यांची वेळ परत एक होईल. चूक पुन्हा झोपेल, एप्रिलपर्यंत तिच्याबद्दल कुणी विचारणार नाही, आणि मला गप्प बसायला सात महिने फुकट मिळतील. ते मला नकोत. त्या आठवड्यात एकच बैठक आहे. सगळे असतात, आलिरोही आणि शिडीचा कागद काढणाऱ्या बाईही. नेल्सनचा अर्ज त्या दिवशी पुन्हा काढायला मी विषयपत्रिकेत लिहून ठेवलंय, त्यापुढे माझं नाव घातलंय, म्हणजे माझ्याकडे वळून विचारतीलच. बोलून झालं की बाहेर येऊन आधी नेल्सनला फोन, मग तुला.

बैठक मंगळवारी, २ सप्टेंबरला, सकाळी साडेदहाला.

यास्ना